माळा शेवटी! कोल्हापूरच्या घरातला पसारा थोडा थोडा कसा काढायचा

घरातलं सामान कमी करायचंय पण हात कुठं घालायचा तेच कळत नाही, असं म्हणणाऱ्या नव्या मंडळींसाठी हे लिहितेय. म्हणजे लग्न होऊन सासरच्या भरल्या घरात आलेली सून, पेठेतलं जुनं घर सोडून फ्लॅटमध्ये चाललेली माणसं, नाहीतर आईवडील गेल्यावर त्यांच्या घराची किल्ली हातात आलेले बहीण-भाऊ. व्हिडिओत दाखवतात तसं सगळं कपाट कॉटवर ओतायचं आणि संध्याकाळपर्यंत घर लख्ख, हे आपल्याकडं जमत नाही. मधेच पाणी येतंय, मधेच कुणीतरी पाहुणं टपकतंय, रात्री त्याच कॉटवर माणसं झोपायची असतात, मग तो ढीग होता तसा कपाटात कोंबला जातो आणि वर घरच्यांचं ऐकून घ्यायचं, 'काढलं होतंस की सगळं, काय झालं त्याचं?'

लोकांना वाटतं काय ठेवायचं काय द्यायचं हे निवडणंच अवघड. निवडणं होतंय हो. घोडं अडतंय पुढं. 'द्यायचं' म्हणून बांधलेली बोचकी सोप्यात, जिन्याखाली, गाडीच्या मागं महिना महिना पडून राहतात, मग कुणीतरी त्यातनं एक पातेलं काढून घेतंय, कुणी स्वेटर, आणि उरलेलं बोचकं गणपती आले की घाईघाईनं माळ्यावर. म्हणून क्रम उलटा धरा. सामान घराबाहेर कुठनं कसं जाणार ते आधी ठरवा, हात नंतर घाला. बाकी सगळं ह्याच एका गोष्टीभोवती आहे.

आधी वेळ बघा

घट बसायच्या आधी आपल्याकडं सगळं घर बाहेर निघतं. वाकळा म्हणजे गोधड्या, चादरी, पडदे, डबे, फळीवरची भांडी, काय म्हणून राहत नाही. आणि एवढं सगळं बाहेर काढून पण घरातली एक वस्तू कमी होत नाही, कारण ते काम धुण्याचं असतंय, धुवायचं पुसायचं आणि जिथल्या तिथं. त्या धांदलीत कुणाला 'हे देऊया काय' म्हणून विचारलं तर भांडण ठरलेलं. त्यामुळं नवरात्राच्या साफसफाईत हे काम मिसळू नका.

फेब्रुवारी ते मे हा बरा काळ. कागद कोरडे असतात, कपड्यांना वास नसतो, गच्चीवर ऊन दाखवायला जागा असते. जून लागला की आपल्या पावसात कागद दमट होतात, चामड्यावर बुरशी चढते, ओली रद्दी घेताना रद्दीवाला वजनात कापून घेतो (त्याचं पण बरोबर आहे). पावसाळ्यात फक्त बारकी कामं घ्या, औषधांचा डबा, मसाल्याची फळी, ड्रॉवर असली.

पूररेषेतल्या घरांचं गणित जरा वेगळं आहे, म्हणजे शुक्रवार पेठेचा नदीकडचा भाग, दुधाळी, सुतारवाडा, बापट कॅम्प, बावड्याचा खालचा भाग वगैरे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, आणि २०१९ अन् २०२१ दोन्ही वेळेला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पाणी उतरल्यावर रस्त्याकडेला घराघरातल्या गाद्या, कपाटं, पुस्तकं, धान्याची पोती यांचे ढीग ज्यांनी बघितलेत त्यांना वेगळं सांगायला नको. तर अशा घरात मे संपायच्या आत तळमजल्यावर एवढंच सामान उरलं पाहिजे की घरातली दोन धडधाकट माणसं तास-दोन तासात ते माडीवर चढवू शकतील. कॉटच्या खालचं, दिवाणातलं आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यातलं सगळ्यात पहिलं काढा. कागदपत्रांची पिशवी तर बाराही महिने वरच.

वाटा ठरवा

एका कागदावर लिहून फ्रिजला लावा, कोण काय घेतंय आणि कधी येतंय. महापालिकेचा टिपर म्हणजे कचऱ्याची गाडी, रद्दीवाला, भंगारवाला, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, एखादी संस्था, आणि नात्यातली गरजू माणसं. एवढ्या वाटा पुरतात.

टिपरवाल्याची वेळ सगळ्यांना माहीत असते पण त्यात काय टाकायचं ते नाही. ओला-सुका वेगळा द्यायचा एवढं करतातच लोक, पण फुटकी काच, ट्यूबलाइट, ब्लेड, सुया असलं काही असेल तर जाड कागदात गुंडाळून, वर लिहून, वेगळं हातात द्या. गाडीवरची माणसं हातानं उचलत असतात. गादी, फुटका सोफा, तुटलेलं टेबल असलं मोठं धूड मात्र रोजच्या टिपरात कोंबायला जाऊ नका, आधी विचारा, नाहीतर भंगारवाल्याला दोन पैसे आपणच देऊन न्यायला सांगा. भंगारवाल्याला उलटं पैसे द्यायचे म्हटलं की घरात लोक बघत राहतात, पण तुटक्या सोफ्यानं अडवलेली जागा फुकट आहे काय?

रद्दीवाल्याकडं ताणकाटा असो नाहीतर बटणाचा, आधी रिकामा काटा शून्यावर आहे का बघा. गठ्ठे घरीच बांधून ठेवा. वर्तमानपत्र वेगळं, वह्या-पुस्तकं वेगळी, पुठ्ठा वेगळा, कारण तिन्हीचे दर वेगळे असतात आणि मिसळून दिलं की सगळं कमी दरात जातं.

बोहारणीचं बघण्यासारखं असतंय. पँट हातात आली की ती आधी उलटी करते, उजेडाकडं धरून बसायच्या जागी विरलीय का बघते, चेन वर-खाली करते, मग एक अक्षर न बोलता बाजूला टाकते. ती बाजूला टाकली म्हणजे घेणार. नको असलेलं ती तुमच्या अंगावर परत देते, 'हे घर पुसायला ठेवा वहिनी.' मग तिच्या पाटीतल्या स्टीलच्या डब्यावर तुमचं लक्ष गेलं की सुरू, 'अजून एक साडी टाका, जरीची असंल तर बघा.' इथं सावध. आजीच्या वेळची खऱ्या जरीची साडी डब्यावर देऊ नका, जुन्या जरीच्या साड्या विकत घेणारे असतात, दोघांना दाखवून मग काय ते ठरवा. आणि महत्त्वाचं, कपडे देऊन परत डबाच घरात घेतलात तर तुम्ही फक्त पसाऱ्याची जात बदलली. टब घ्या, झाडू घ्या, जे रोज वापरून झिजेल ते घ्या.

संस्थेला द्यायचं तर आधी फोन. निराधार पोरांना सांभाळणाऱ्या बालकल्याण संकुलासारख्या ठिकाणी काय लागतंय ते विचारायचं, आपल्याला काय नको झालंय ते नेऊन ओतायचं नाही. दिवाळीच्या आसपास सीपीआर चौकात माणुसकीची भिंत असते (देणाऱ्यानं कपडे ठेवायचे, गरजूनं न्यायचे), तिथं धुऊन इस्त्री केलेले, बटणं असलेले कपडे न्यावेत. स्वतःच्या सख्ख्या भावाला देताना जे देणार नाही ते तिथं पण देऊ नये, एवढं डोक्यात ठेवलं तरी पुरे.

सुरुवात बिनमालकाच्या वस्तूंपासून

पहिल्या दिवशी फोटो नको, साड्या नको, कागद नको, माळा तर नकोच नको. ज्या वस्तूवर घरातलं कुणी हक्क सांगत नाही तिथनं सुरू करा. आपल्या घरात अशी जागा कुठली? दाराच्या मागं खुंटीला लटकणारी, पिशव्या भरलेली पिशवी. त्यात लग्नातल्या, साडी दुकानातल्या, मिठाईच्या, फाटक्या बंदाच्या, सगळ्या पिशव्या. दहा चांगल्या कापडी ठेवा, बाकी काढा, कोण म्हणजे कोण विचारायला येत नाही. मग टाकीखालचे कोल्ड्रिंक्सचे बाटले, हॉटेलच्या पार्सलचे काळे डबे, झाकणं नसलेले डबे आणि डबे नसलेली झाकणं.

वीस मिनिटं लावा मोबाईलवर, वाजलं की थांबा. मूड आला म्हणून अजून एक कप्पा काढायचा नाही, कारण दुसरा कप्पा अर्धा राहतो आणि तो पसरलेला अर्धा कप्पा बघून घरचे पुढच्या वेळी आडवे येतात. एक ड्रॉवर म्हणजे एकच ड्रॉवर, आणि त्यातनं निघालेलं घराच्या बाहेर गेल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. हा नियम कडक पाळा. लई हळू वाटेल, पण बोचकी साठत नाहीत आणि घरच्यांना पण पटत जातं की ही काढते म्हणजे खरंच जातंय.

औषधांचा डबा ह्याच टप्प्यात. तारीख गेलेल्या गोळ्या पाकिटातनं काढून सुट्या टाकू नका, कुणाच्या हातात पडायला नको. सिरपं मोरीत ओतू नका. घरगुती घातक कचरा म्हणून वेगळी पुडी बांधून टिपरवाल्याला सांगून द्या. पाऱ्याचा थर्मामीटर आणि जुने सीएफएल बल्ब यांच्यात पारा असतो, ते न फोडता ह्याच पुडीबरोबर.

भांडी, म्हणजे आहेर

आपल्या स्वयंपाकघरातला निम्मा माल आपण घेतलेलाच नसतो, तो आलेला असतो. लग्नात, वास्तुशांतीला, बारशाला, मावशीच्या पंच्याहत्तरीला. स्टीलची तीच ती ताटं, तेच डबे, ग्लासांचे सेट खोक्यासकट, आणि प्रत्येकावर टिंबाटिंबानं कोरलेलं नाव. 'यांजकडून सप्रेम भेट' आणि खाली तारीख. देणारे काका कधीच गेलेले असतात, पण ते ताट काढायचं म्हटलं की सासूबाई म्हणणार, 'अगं त्यांचं नाव आहे त्याच्यावर.' बरं, नाव असल्यामुळं दुसऱ्याला आहेर म्हणून पण फिरवता येत नाही!

ह्याच्यावर माझ्या घरी चाललेला उपाय असा, की नावांची भांडी सगळी बाहेर काढायची आणि ज्याच्या त्याच्या नावानं एकच ठेवायचं, आणि ते रोजच्या वापरात घ्यायचं. आत्तीच्या नावाचा डबा चहापत्तीला, काकांच्या नावाचं ताट कणीक मळायला. माळ्यावर कागदात गुंडाळलेल्या नावाला कसला मान? उरलेली भांडी गावाकडं, देवळाच्या महाप्रसादाला, तालमीच्या मंडळाला, जिथं पन्नास ताटं लागतात तिथं. मंडळाची पोरं टेम्पो घेऊन येतात, नाव बघत नाहीत.

तांब्या-पितळेचं मात्र घाईनं काढू नका. हंडे, घागरी, पराती, मागच्या परड्यात काळा पडत बसलेला पाण्याचा बंब, हे सगळं मोडीत किलोवर जातं आणि दर रोज हलत असतो. दारात आलेल्या पहिल्या माणसाला द्यायचं नाही. घरच्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा, बाजारात दोन दुकानात दर विचारा, मग द्या. ठेवायचं ठरवलं तर वापरायचं म्हणून ठेवा: आमटी, ताक, चिंचेचं काही करायचं तर आतनं कल्हई पाहिजेच, आंबट पदार्थ उघड्या तांब्या-पितळेला लागला की कळकतो आणि पोटाला बाधतो. कल्हईवाला सापडत नाही आणि सापडला तर कल्हई करून घ्यायचा कंटाळा, अशी परिस्थिती असेल तर त्या पातेल्याबद्दलचा निर्णय झालाच की.

चिनी मातीच्या बरण्या, जातं, पाटा-वरवंटा असलं फोडू नका, हल्ली हौशी लोक घेऊन जातात. कांदा-लसूण चटणीची एक बरणी तरी ठेवा, प्लॅस्टिकमध्ये चटणीचा रंग आणि वास दोन्ही डब्याला चिकटून बसतो.

कपडे

जुन्या सुती साड्या आणि धोतरं बोहारणीला देण्याआधी वाकळ शिवून घ्यायचा विचार करा. शिवून देणाऱ्या बायका अजून आहेत, गावाकडं जास्त. पाच-सहा साड्या एका वाकळेत बसतात, म्हणजे आजीच्या साड्यांचं काय करायचं हा सगळ्यात रडका प्रश्न एका दणक्यात सुटतो आणि थंडीत अंगावर घ्यायला पण होतंय. सिंथेटिक साड्यांची वाकळ करू नका, घाम शोषत नाही आणि घसरते. किती साड्या ठेवायच्या असल्या आकड्यात मी पडत नाही, ज्याचं कपाट त्याचा हिशोब. फक्त ब्लाऊज बसत नसेल तर ती साडी नेसली जाणार नाही हे मान्य करा, किंवा याच आठवड्यात टेलरकडं टाका.

ओटीतली ब्लाऊजपिसं आणि टॉवेल-टोपी! ही फिरती चीज आहे, फिरवत ठेवा. एक वेगळी पिशवी करा, कुणाच्या घरी जाताना त्यातनंच उचला, नवीन आणू नका. डाग पडलेली पिसं मात्र फिरवू नका, चारचौघात आपलीच शोभा होते.

कागद, इथं घाई करायची नाही

ट्रंकेतले कागद गठ्ठ्यानं रद्दीत घालू नका, पान न् पान उलटून बघा. कंटाळवाणं आहे, पण ह्या एका कामात खरंच पैसे आणि हक्क दडलेले असतात.

कायमचं ठेवायचं: खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र, प्रॉपर्टी कार्ड, सातबारा-फेरफारचे जुने उतारे, जन्म-मृत्यूचे दाखले. आज्या-पणज्याचा शाळा सोडल्याचा दाखला सापडला तर तो सोन्यासारखा जपा. जात पडताळणीला जुना पुरावा लागतो, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांना १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जाती-जमातींना १९५० च्या आधीचा. पोराच्या अ‍ॅडमिशनच्या वेळी हाच पिवळा कागद शोधत सगळी भावकी पालथी घालायला लागते. मोडी लिपीतले कागद वाचता येत नाहीत म्हणून टाकायचे नाहीत, मोडी वाचणारी माणसं आपल्या शहरात आहेत, पुराभिलेखागारात चौकशी करा.

घरफाळा आणि पाणीपट्टीच्या पावत्या काही वर्षांच्या ठेवा, घर विकायचं किंवा वाटणी व्हायची असेल तर जरा जास्त. इन्कम टॅक्सच्या रिटर्नचे पुरावे सात-आठ वर्षांचे. लाईट बिलं, गॅसच्या पावत्या, २००५ सालच्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड, बंद झालेल्या एलआयसी पॉलिसीचे प्रीमियम नोटीस, हे खुशाल काढा. आधार-पॅनच्या झेरॉक्स मात्र फाडून, बारीक करून. अख्ख्या झेरॉक्स रद्दीत देणं म्हणजे दुसऱ्याच्या हातात आपलं सिमकार्ड काढून देणं. आणि आधार, लायसन, मार्कशीट असलं डिजिलॉकरमध्ये घेऊन ठेवलं की दर वेळी झेरॉक्सचा गठ्ठा नको.

आता सापडणाऱ्या गोष्टी. जुनं पासबुक मिळालं आणि खात्याला दहा वर्षं कुणी हात लावला नसेल तर ते पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत गेलेले असतात, पण बुडालेले नसतात, वारस मागू शकतो. आरबीआयचं उद्गम नावाचं पोर्टल आहे, नाव टाकून शोधता येतं. शेअरचा कागद सापडला तर १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, आधी डीमॅट करावं लागतं. आणि सलग सात वर्षं डिव्हिडंड कुणी घेतला नसेल तर शेअर सरकारच्या आयईपीएफ म्हणजे गुंतवणूकदार संरक्षण निधीच्या खात्यात जातात, तिथनं पण परत मागता येतात. नातवानं रंगवलेल्या वहीबरोबर असा एक कागद रद्दीत गेला तर?

डाळीच्या डब्यात नोटा निघतात ते वेगळंच. आज्जी लोकांची बँक तीच. जुन्या ५००-१००० च्या निघाल्या तर त्या ८ नोव्हेंबर २०१६ ला बाद झाल्या, दहापर्यंत आठवण म्हणून ठेवायला कायद्यानं मोकळीक आहे, त्याहून जास्त बाळगणं दंडाला कारण. २००० ची निघाली तर नाराज होऊ नका, १९ मे २०२३ ला ती चलनातनं काढून घ्यायला सुरुवात झाली पण ती बाद केलेली नाही. कोल्हापुरात बँकेत बदलून मिळत नाही, रिझर्व्ह बँकेच्या मुंबई, बेलापूर, नागपूर असल्या ऑफिसात जाऊन नाहीतर पोस्टानं पाठवून स्वतःच्या खात्यात जमा करता येते.

लग्नपत्रिकांचा गठ्ठा प्रत्येक घरात असतोच. घरातल्यांच्या तेवढ्या एकेक ठेवा. गणपतीचं चित्र आहे म्हणून बाकीच्या ठेवायच्या असं कुणी म्हणत असेल तर पुढचा भाग बघा.

देवाचे फोटो

फुटक्या काचेचा देवाचा फोटो पिंपळाखाली किंवा पंचगंगेच्या घाटावर ठेवून यायची आपल्याकडं पद्धत पडलीय. तिथं तो पावसात भिजतो, काच कुणाच्या तरी पायात जाते, उरलेलं नदीत. त्यापेक्षा फ्रेम, काच आणि फोटो वेगळं करा. चांगली फ्रेम आणि काच फ्रेमवाला घेतो. कागदी फोटो आणि पत्रिकेवरची चित्रं हळद-कुंकू वाहून बादलीत भिजवायची, लगदा झाला की कुंडीत नाहीतर परड्यात झाडाच्या मुळाशी. चकचकीत प्लॅस्टिकचं आवरण असेल तर ते सोलून सुक्या कचऱ्यात. देवघरातल्या टाकांना मात्र हात लावायच्या आधी घरातल्या थोरल्यांना विचारायचं, ते तुमच्या एकट्याचे नसतात, भावकीचे असतात.

पुस्तकं आणि वायरी, थोडक्यात

करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे, त्यांच्याकडं किंवा पेठेतल्या वाचनालयात आधी यादी पाठवा, कारण तिथं पण जागेचा प्रश्न असतोच. दिवाळी अंक, कादंबऱ्या, चरित्रं घेण्याची शक्यता जास्त. स्पर्धा परीक्षेची जुनी गाइडं कुणी घेत नाही, सरळ रद्दी. शाळेची पुस्तकं एप्रिलमध्येच खालच्या वर्गातल्या पोराला, जूनमध्ये त्याची आधीच घेऊन झालेली असतात.

जुने मोबाईल, चार्जर, रिमोट भंगारवाल्याला देऊ नका, तो तांबं काढायला वायरी जाळतो. मोबाईल रीसेट करून, सिम आणि कार्ड काढून, एक्स्चेंजमध्ये किंवा ई-कचरा गोळा करतात तिथं. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, पोरांच्या हाती तर अजिबात नाही. इन्व्हर्टरची बॅटरी नवीन घेताना दुकानदार जुनी वजा करून घेतो, अ‍ॅसिड घरी ओतायला जाऊ नका.

घरची माणसं

'आत्ती, हे टाकू काय?' असं सासूबाईंना विचारलं की एकच उत्तर येतं, 'र्‍हाऊ दे की, काय खायला मागतंय काय ते?' म्हणून टाकू का असं विचारायचंच नाही. 'हे कुणाला देऊया?' असं विचारा. मग बघा, त्यांच्याच डोक्यात नावं येतात, शेजारच्या वैनीच्या पोरीचं लग्न ठरलंय, गावाकडच्या आक्कांना घागर पाहिजे होती. जुन्या माणसांना वस्तू जायचं दुःख नसतं, वाया जायचं असतं. ज्यांनी रेशनच्या रांगेत उभं राहून संसार केलाय त्यांना 'मिनिमलिझम' सांगायला जाऊ नये.

पाठीमागं काढायचं नाही. कितीही मोह होऊ दे, सासूबाई मुंबईला लेकीकडं गेल्यात म्हणून फडताळ साफ करायचं नाही. एका फुटक्या चाळणीसाठी सगळा विश्वास जातो आणि मग पुढची पाच वर्षं प्रत्येक हरवलेली वस्तू तुमच्याच नावावर.

नवऱ्याचं वेगळंच. शाळेतले फुटबॉलचे बूट, तालमीच्या संघाची जर्सी, तुटलेली बॅट, कॉलेजच्या निवडणुकीचं बॅनर. शाहू स्टेडियमवर खेळलेल्या माणसाला बूट काढ म्हणणं म्हणजे मोठाच वाद. त्याला एक खोकं द्या, त्यात बसेल तेवढं त्याचं, झाकण लागलं पाहिजे, बास. काय ठेवायचं ते तो ठरवील, तुम्ही बघायला पण जाऊ नका. पोरांना पण हेच खोकं. आणि तुमचं खोकं सगळ्यात आधी भरून दाखवा, नाहीतर कोण ऐकणार?

आणि आता माळा

खालचं सगळं मोकळं झाल्याशिवाय माळ्याला हात नाही, कारण तिथलं खाली काढून ठेवायला जागा लागते. सकाळी चढायचं, उजेडात. नाकाला रुमाल, पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातात मोजे. पोत्यात, खोक्यात थेट हात घालायचा नाही, आधी काठीनं हलवायचं, विंचू आणि पाली दोन्ही असतात. शिडी धरायला खाली माणूस पाहिजे, आणि चढणारा वयस्कर नको, गुडघे धरणारा पण नको.

एका वेळी दोनच खोकी खाली. न उघडता 'ह्यात काय असंल?' असं सगळ्यांना विचारा, कुणालाच आठवलं नाही तर त्यातलं बरंचसं जायचंच आहे, पण तरी उघडून बघायचं, वरचं कागदाचं पुराण आठवा. दिवाळीचा आकाशकंदील, गौरीचे मुखवटे, गणपतीची आरास, मोठं पातेलं, पाळणा, असलं वर्षाचं सामान परत वर जाणारच, त्याला काही हरकत नाही. फक्त परत चढवायच्या आधी प्रत्येक खोक्यावर मार्करनं लिहायचं, आत काय आहे, कुणाचं आहे, कुठल्या साली ठेवलं. पुढच्या मे महिन्यात ज्या खोक्यावरची धूळ तशीच असेल, त्याच्या मालकाला विचारायचं, हे कुणाला देऊया?